मदत हवी आहे: स्पेक आणि लॉटची माहिती सप्लायरपासून खरेदीदारापर्यंत न बिघडता कशी पोचवायची?

नमस्कार मंडळी,

मी खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत क्यूए (गुणवत्ता) आणि मास्टर डेटा (प्रत्येक प्रॉडक्टची मूळ माहिती) असं दोन्ही बघते. आमचे खरेदीदार बरेच आहेत आणि प्रत्येकाला माहिती आपापल्या पद्धतीने लागते, एकाचं पोर्टल, दुसऱ्याची एक्सेल शीट, तिसऱ्याला सही केलेली पीडीएफ. माहिती तीच हो, घटक, ॲलर्जन, पोषणमूल्यं, बॉक्सची मापं, पण एका ठिकाणी बदललं की बाकी सगळीकडे हाताने बदलत बसायचं.

आता झालं काय, एका सप्लायरने त्यांच्या तयार मिश्रणात दूध पावडर घालायला सुरुवात केली. नवीन स्पेक, म्हणजे मालात काय काय आहे त्याचं माहितीपत्रक, मेलवर आलं होतं, पण फाइलचं नाव जुनंच, त्यामुळे कुणी उघडून बघितलंच नाही आणि तीन आठवडे माल जुन्या लेबलवर गेला. कुणाला त्रास झाल्याचं कळलं नाही, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या एखाद्या पोराने तो खाल्ला असता तर, हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माल परत मागवायचा ठरला तेव्हा कुठला लॉट (एका वेळी बनलेला माल) कुणाकडे गेला हे शोधण्यात दोन दिवस गेले. पॅलेटचा एसएससीसी, म्हणजे प्रत्येक पॅलेटचा स्वतंत्र नंबर, १८ आकडी असतो आणि एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचं धरत नाही, शेवटचे तीन सरळ शून्य करून टाकतं. पाठोपाठ निघालेल्या पॅलेट्समधला फरक नेमका त्या शेवटच्या आकड्यांतच, म्हणजे शीटवर सगळ्या पॅलेट्सचा नंबर एकच! शून्याने सुरू होणाऱ्या जीटीआयएनचं (प्रॉडक्टच्या बारकोड नंबरचं) पुढचं शून्यही असंच उडालेलं.

जीडीएसएन या प्रॉडक्टची माहिती कंपन्यांना पोचवणाऱ्या नेटवर्कबद्दल वाचलं, की माहिती एकदा आपल्या डेटा पूलमध्ये टाकायची आणि ज्यांनी सबस्क्राइब केलंय त्यांना ती आपोआप जाते. ईपीसीआयएस या मालाचा प्रवास नोंदवायच्या स्टँडर्डचंही वाचलं, २०२२ मध्ये २.० आलं आणि आता जेसन या डेटा फॉरमॅटमध्येही चालतं. पण आधी काय घ्यायचं? आमच्याकडे कालच्या बॅचचं उरलेलं रीवर्क म्हणून आजच्या बॅचमध्ये जातं, ते कसं नोंदवायचं? आणि ज्या छोट्या सप्लायरकडे आयटीचा माणूसच नाही त्यांचं काय करायचं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, हे दोन्ही एकमेकांना पर्याय नाहीत. जीडीएसएनमध्ये जीटीआयएनच्या पातळीवरची माहिती जाते, म्हणजे हा प्रॉडक्ट काय आहे ते. कुठला लॉट कुठे गेला ते त्यात बसत नाही, ते काम ईपीसीआयएसचं, त्यात काय, कधी, कुठे आणि का अशी एकेक घटना नोंदवतात. तुमच्या रीवर्कसाठी त्यात ट्रान्सफॉर्मेशन इव्हेंट आहे, आत गेलेले सगळे लॉट एका बाजूला आणि बाहेर पडलेला लॉट दुसऱ्या बाजूला. रीवर्कलाही स्वतःचा लॉट नंबर द्या आणि तो इनपुटमध्ये धरा, नाहीतर साखळी तिथेच तुटते.

पण आधी घरातला मास्टर एकच करा. चुकीची माहिती जीडीएसएनवर टाकली तर ती चुकीचीच सगळीकडे जाईल, फक्त लवकर. एसएससीसी आणि जीटीआयएनचे कॉलम आजच टेक्स्ट करा, पण आधी शून्य झालेले आकडे त्याने परत येणार नाहीत, ते मूळ लेबलवरूनच घ्यावे लागतील. छोट्या सप्लायरला फक्त जीएस१-१२८ बारकोडचं लेबल लावायला सांगा, त्यात (०१) या कोडपुढे जीटीआयएन आणि (१०) पुढे लॉट, स्कॅन तुम्ही माल उतरवताना करा. आणि नवीन ॲलर्जन आला की जीटीआयएनही नवा लागतो, हे करारातच लिहून घ्या.

धागाकर्ती

खूप आभार, कॉलम लगेच बदलले. शेवटचा मुद्दा आमच्या कुणाच्याच लक्षात आला नव्हता, जुनाच जीटीआयएन राहिला म्हणून खरेदीदाराच्या सिस्टमलाही काही कळलं नाही. आता एकच विचारते, टाकीत आधीच्या लॉटचा थोडा माल तळाशी राहतोच, तोही प्रत्येक वेळी इनपुट म्हणून धरायचा का, की टाकी धुतली की नवीन लॉट सुरू करायचा? तुमच्याकडे कसं करतात?