कर्नल अपडेटनंतर ग्रब अडकलं: "कॉम्प्रेशन टाइप ०एक्स३ नॉट सपोर्टेड"

महापे_अ‍ॅडमिन
महापे एमआयडीसीतल्या ऑफिसचा फाईल सर्व्हर. रूट बीटीआरएफएस फाईल सिस्टीमवर, /बूट त्याच पार्टिशनमध्ये, बूट लोडर ग्रब २.०२, साधं बायोस बूट. कर्नल ४.९ वरून ४.१९ वर नेला आणि एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी) कॉम्प्रेस=झेडएसटीडी लिहिलं, म्हणजे फायली दाबून साठवायच्या. त्यानंतरचे दोन रिबूट नीट झाले. काल ४.१९ चं सिक्युरिटी अपडेट टाकलं, तेव्हापासून ग्रब ही एरर देऊन प्रॉम्प्टवर थांबतं. ४.९ च्या रेस्क्यू पेनड्राइव्हने बूट केलं तर रूट माउंट होत नाही, डीमेसगमध्ये (कर्नलचे मेसेज) "अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स (१०)" येतं. डिस्क गेली का? रिमोट कन्सोल नाही. ठाण्याहून एका फेरीत काम उरकायचंय.

कोपरखैरणे_टर्मिनल
डिस्क शाबूत आहे. बीटीआरएफएस चेक --रिपेअर अजिबात चालवू नका, धडधाकट फाईल सिस्टीम त्याने बिघडू शकते.

दोन्ही एररचं मूळ एकच. बीटीआरएफएसमध्ये झेडलिब १, एलझेडओ २ आणि झेडएसटीडी ३ नंबरचं कॉम्प्रेशन. कर्नलला झेडएसटीडी ४.१४ पासून कळतं, ग्रबला २.०४ पासून. आधीचे रिबूट झाले, कारण ग्रब.सीएफजी (ग्रबची कॉन्फिग) कॉम्प्रेशन लावण्याआधी लिहिलेली होती. कालच्या अपडेटने अपडेट-ग्रब चालवलं, फाईल नव्याने लिहिली गेली आणि ती झेडएसटीडीत गेली. व्हीएमलिनझ (कर्नल) आणि इनिटआरडी (बूटची सुरुवातीची इमेज) मुळातच दाबलेल्या असल्याने बीटीआरएफएस त्या सहसा तशाच सोडतं. साधा मजकूर मात्र लगेच दाबला जातो, म्हणून नेमकी कॉन्फिगच अडकली.

४.१४ किंवा पुढच्या कर्नलचा लाइव्ह पेनड्राइव्ह न्या. रूटचं सबव्हॉल्यूम (बीटीआरएफएसमधला वेगळा भाग) *कॉम्प्रेस ऑप्शन न देता* /एमएनटीवर माउंट करा. /देव, /प्रोक, /सिस बाइंड करून सीएचरूट करा, म्हणजे पुढच्या कमांड सर्व्हरच्याच सिस्टीमवर चालतील. एफएसटॅबमध्ये झेडएसटीडीच्या जागी एलझेडओ लिहा, तो २.०२ ला वाचता येतो. मग अपडेट-ग्रब. फाईल नवी लिहिली जाते, त्यामुळे वेगळी कॉपी करायची गरज नाही.

रिबूटआधी फाईलफ्रॅग -व्ही /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी चालवून बघा. फ्लॅग्जच्या रकान्यात "एन्कोडेड" दिसलं तर फाईल अजून दाबलेलीच आहे. अशा वेळी बहुतेक माउंट करताना कॉम्प्रेस ऑप्शन चुकून दिलेला असतो.

महापे_अ‍ॅडमिन
एलझेडओ नको, झेडएसटीडीने जागा बरीच वाचते. /बूटचं वेगळं सबव्हॉल्यूम करून त्याला कॉम्प्रेस लावलं नाही तर?

कोपरखैरणे_टर्मिनल
नाही चालणार. कॉम्प्रेस ऑप्शन सबव्हॉल्यूमपुरता नसतो, अख्ख्या फाईल सिस्टीमला लागतो. एफएसटॅबमध्ये दोन ओळींत दोन वेगळे ऑप्शन लिहिलेत तरी पहिल्या माउंटचाच चालतो.

झेडएसटीडी हवं तर १ जीबीचं वेगळं ईएक्सटी४ /बूट करा. स्वॅप पार्टिशन असेल तर जागा त्यातूनच काढा, बीटीआरएफएसला हातही लावावा लागत नाही. फायली कॉपी करा, एफएसटॅबमध्ये नोंद करा, ते /बूटवर माउंट करा, मग ग्रब-इन्स्टॉल /देव/एसडीए आणि शेवटी अपडेट-ग्रब. ग्रब-इन्स्टॉल विसरलात तर ग्रब जुन्याच जागेवरची कॉन्फिग वाचत बसेल. ती अजून झेडएसटीडीत असेल तर तीच एरर परत येईल. ती आधी दुरुस्त केलेली असेल तर पुढचा कर्नल टाकाल, पॅकेज व्यवस्थित बसेल आणि मेनूत मात्र दिसणार नाही.

वागळे_रूट
वरचं सगळं बरोबर. ४.९ ची मेनूतली एंट्री काढून टाका, तिचा आता काही उपयोग नाही. झेडएसटीडीने एकदा माउंट केलं की सुपरब्लॉकमध्ये (फाईल सिस्टीमची मुख्य नोंद) इनकॉम्पॅट फ्लॅग बसतो, म्हणजे झेडएसटीडी न कळणाऱ्या कर्नलला मनाई. तुम्हाला दिसलेले १० हे हेक्समधले आहेत, म्हणजे तोच बिट. नंतर सगळ्या फायली एलझेडओत नेल्या तरी फ्लॅग निघत नाही, आणि ४.९ हे पार्टिशन माउंट करणार नाही. बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल डम्प-सुपर चालवलंत की यादीत तो नावानिशी दिसेल. कपाटातला रेस्क्यू पेनड्राइव्हही बदला.

आणि जुना डेटा दाबायला डीफ्रॅगमेंट -आर -सीझेडएसटीडी चालवणार असाल तर आधी स्नॅपशॉट (जुन्या स्थितीच्या प्रती) बघा. डीफ्रॅग फायली नव्याने लिहितो, स्नॅपशॉटशी वाटून घेतलेले एक्स्टेंट (डेटाचे तुकडे) सुटतात आणि जागा वाचायच्या ऐवजी भरते. जुने स्नॅपशॉट आधी उडवा, मग एकेक फोल्डर घ्या. प्रत्येकानंतर कॉम्पसाइझ चालवलंत की किती वाचलं ते कळतं.

महापे_अ‍ॅडमिन
झालं. ५१२ एमबी स्वॅपमध्ये ठेवून उरलेल्यातून १ जीबीचं /बूट काढलं. फाईलफ्रॅगमध्ये "एन्कोडेड" नाही, दोनदा रिबूट करून पाहिलं. ग्रब-इन्स्टॉल खरंच विसरणार होतो. डीफ्रॅग शनिवारी.