‘अनकॉन्शनेबल’ सावकाराला नव्हे, व्यवहाराला लागतं

‘अनकॉन्शनेबल’ (unconscionable) या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला की ‘निर्दयी’ असं उत्तर मिळतं; ते बोलण्यापुरतं ठीक आहे. कोर्टाच्या कागदात ते चालत नाही. बेळगाव-खानापूरकडे कर्जाची तक्रार मराठीत सांगून इंग्रजीत लिहून घेतात, तेव्हा घोटाळा इथेच होतो. १८७२ च्या करार कायद्यात, कलम १६(३) मध्ये, हे विशेषण माणसाला नाही, व्यवहाराला लावलंय: अटी पाहताक्षणी किंवा पुराव्यावरून सदसद्विवेकाला पटणार नाहीत, असा व्यवहार. खरा फायदा पुढे आहे. समोरचा आपल्या इच्छेवर हुकमत चालवू शकेल अशा जागी होता आणि व्यवहार असा आहे, हे दोन्ही दिसलं की गैरदबाव नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर जाते. कलमाखालचं उदाहरणच गावच्या सावकाराचं आहे: त्याचं आधीच देणं असलेला माणूस त्याच्याकडूनच नवं कर्ज घेतो.

म्हणून ‘सावकार नीच आहे’ अशा चार ओळी लिहून उपयोग नाही. मुद्दल किती, प्रत्यक्ष हातात किती पडले, व्याज महिन्याचं की वर्षाचं, जुनी बाकी किती, कागद कन्नडमध्ये असेल तर तो मराठीत कुणी वाचून दाखवला का, हे लिहा. नुसतं व्याज जास्त, एवढ्याने भागत नाही. बाजारातच पैशाची चणचण असताना बँकेने चढा दर लावला तर तो नेहमीचाच व्यवहार, असं लगेच पुढचं उदाहरण सांगतं. आणि टाइप करताना ‘अनकॉन्शस’, म्हणजे बेशुद्ध, झालं नाही ना ते बघा. दोन्ही शब्द इंग्रजीत बरोबर असल्यामुळे स्पेलचेक ही चूक दाखवेलच असं नाही.