ओली जमीन, छोटा ट्रॅक्टर: टिलर घालू का थांबू?

परसबाग_ओहायो:
नमस्कार मंडळी. आम्ही वायव्य ओहायोत, टोलेडोच्या दक्षिणेला, गेल्या ऑक्टोबरात घर घेतलं. मागे पाऊण एकर मोकळी जागा आणि शेडमधे आधीच्या मालकाने सोडून दिलेला १८ एचपीचा गार्डन ट्रॅक्टर, मागे ४२ इंची टिलर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार). ऑईल बदललं, टिलरच्या शाफ्टला गुंडाळलेलं जुनं गवत नि सुतळी कापून काढली, मशीन एकदम झकास चालतंय. घोडं अडलंय ते जमिनीपाशी. एप्रिल संपत आला तरी पाऊस काही सोडत नाही, दोन दिवस उघडतो की परत चालू. वरून बघितलं तर माती सुकून पांढुरकी दिसते पण पाय टाकला की टाच आत जाते आणि बुटाला हा एवढा चिखल. शेजारचा म्हातारा म्हणतो मदर्स डेच्या (मेचा दुसरा रविवार) आधी हात लावू नकोस. बायकोला वाटाणा आणि मेथी आत्ता पेरायचीय, पाकिटावर लिहिलंय जमीन मशागतीजोगी झाली की पेरा, आता मशागतीजोगी कधी झाली हे मला कोण सांगणार! वेळ मिळतो वीकएंडला आणि पाऊसही नेमका वीकएंडलाच. हलक्या हाताने एक पाळी मारून टाकू का? पुढे ऊन पडलं की ढेकळं आपोआप फुटतील असं मला वाटतंय. आणि टायर लॉनवर चालायचे गुळगुळीत आहेत, ते चालतील का?

काळी_माती:
दादा, अजिबात घालू नका. मी परभणीकडचा, आमची सगळी भारी काळी जमीन, वापसा (म्हणजे माती ना चिखल ना कडक, मशागतीजोगी ओल) नसताना रोटाव्हेटर घातला की काय होतं ते गावात दरवर्षी कुणीतरी करून दाखवतंच. वरची माती बघून ठरवू नका, वरचा एक इंच वाऱ्याने सुकतो, त्याला काही अर्थ नाही. खुरप्याने चार-सहा इंच खालची माती काढा, मुठीत दाबा, मूठ उघडा आणि गोळ्याला अंगठ्याने टोचा. भुगा होऊन पडला तर वापसा आलाय, बिनधास्त जा. गोळा नुसताच दबला, अंगठ्याचा ठसा उमटला किंवा हाताला चिकटला तर गपचूप घरी बसा. दोन बोटांत मळून पट्टी निघायला लागली तर अजून बरेच दिवस आहेत असं समजा. आणि हे एकाच जागी करू नका, बांधाकडेला, मधे, सखल भागात अशी चार ठिकाणी माती बघा, सखल भाग शेवटी वापशावर येतो.

ढेकळं उन्हाने फुटतील हे विसरा. ओल्या मातीत पातं फिरलं की ती कापली जाते, मोकळी होत नाही, कापलेली बाजू साबणाच्या वडीसारखी चकाकते आणि मग वाळली की ते ढेकूळ हातोड्याशिवाय फुटत नाही. शिवाय पाती जिथपर्यंत जातात तिथे खाली कडक थर बसतो, त्याच्याखाली ना पाणी जात ना मुळी. तो थर एका वर्षात जात नाही.

खाडीकाठ:
काळी_माती यांच्याशी सहमत. आम्ही कोकणातले, आमच्याकडे भाताला हेच मुद्दाम करतात. पाणी साठवून चिखलणी करायची म्हणजे मातीची घडण मोडते, बारीक बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी खाली न जाता खाचरात थांबतं. भाताला ते हवंच असतं. तुम्ही ओल्यात टिलर फिरवला तर तुमच्याही बागेत तेच होणार, फक्त तुम्हाला लावायचाय वाटाणा, आणि वाटाण्याची मुळं तुंबलेल्या पाण्यात कुजतात. भात लावणार असाल तर खुशाल फिरवा :)

लेक_एरीची_माळीण:
मी तुमच्याच भागात बरीच वर्षं बाग करतेय म्हणून जरा लांबण लावते, माफ करा. तुम्ही राहताय तो पट्टा म्हणजे जुनी ग्रेट ब्लॅक स्वॉम्प, अक्षरशः दलदल होती तिथे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चर खणून आणि जमिनीखाली मातीच्या भाजलेल्या नळ्या टाकून पाणी काढलं तेव्हा कुठे शेती झाली. सपाट जमीन, चिकणमाती, पाणी जाणार कुठे. २०१९ च्या वसंतात तर त्या भागातल्या कितीतरी मोठ्या शेतकऱ्यांची मक्याची पेरणीच झाली नाही, सबंध अमेरिकेत मिळून १.९ कोटी एकरांहून जास्त जमीन पेरणीविना राहिली होती. म्हणजे तुमच्याकडे ट्रॅक्टर छोटा आहे म्हणून अडलंय असं समजू नका, तिथे दोनशे एचपीवालेही खिडकीत बसून वाट बघतात.

एक सांगते, काळी_माती भाऊंच्या काळ्या जमिनीत आणि तुमच्या जमिनीत फरक आहे. त्यांची माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात, त्यामुळे चुकून ढेकळं पडलीच तरी पुढच्या ऊन-पावसात ती थोडीफार तरी फुटतात. ओहायोची चिकणमाती त्या मानाने फार कमी फुगते, तिला उन्हाळ्यात फोडणारं कुणी नाही. तिला फोडते ती थंडी. पाणी गोठतं, वितळतं, परत गोठतं, त्यात माती मोकळी होते. म्हणून मशागत करायचीच तर ऑक्टोबरात, जमीन कोरडी असताना, आणि ती तशीच ढोबळ ठेवून द्यायची, एप्रिलमधे वरवर दाताळं मारलं की झालं.

दुसरं, सारखी ओलीच राहणारी एक पट्टी आहे का ते बघा. असेल तर आधी सेप्टिक टँकची पाणी जिरवायची जागा कुठेय ते शोधा, घराच्या कागदपत्रांत नकाशा असतो. तिच्यावरून ट्रॅक्टर नेऊ नका आणि तिथे भाजीही लावू नका. सेप्टिक नसेल तर पाणी काढायला पुरलेली जुनी नळी फुटलेली असू शकते. चर खणायचा झाला तर आधी ८११ ला फोन, फुकट येऊन गॅस-विजेच्या लायनी आखून देतात.

मेथी-वाटाण्यासाठी सगळी बाग उलथायची गरजच काय? दोन गादीवाफे करा, सहा-आठ इंच उंच, बाहेरून कंपोस्ट आणि माती आणून. ते बाकी जमिनीच्या कितीतरी आधी वापशावर येतात. वाटाणा, मेथी, कोथिंबीर, पालक थंडीला घाबरत नाहीत. टोमॅटो, मिरची तसंही मे मधलं शेवटचं दहिवर (गोठलेलं दव) पडून गेल्यावर, आणि भेंडी-गवार तर जमीन चांगली गरम झाल्याशिवाय वर डोकं काढत नाही, जूनच उजाडतो. मग घाई कसली आहे?

आणि कुणी सांगेल चिकणमातीत वाळू टाका, टाकू नका, थोड्या वाळूने माती आणखी घट्ट बसते. जिप्समचंही तसंच, ते चोपण (सोडियम साठलेल्या) जमिनीवरचं औषध, तुमच्याकडे सोडियमचा त्रास नाही, पैसे वाया. पालापाचोळा टाका, गावात लोक फुकट पिशव्या भरून रस्त्यावर ठेवतात, उचलून आणा.

नटबोल्ट:
बाकी सगळ्यांनी मातीचं सांगितलं, मी मशीनचं सांगतो. टिलरसकट तुमचा ट्रॅक्टर आणि वर तुम्ही मिळून पाचशे किलोच्या पुढे जाणार, त्यातलं बरंचसं वजन मागच्या दोन चाकांवर. लॉनचे टायर ओल्यात घसरतात, आणि चाक जागेवर फिरलं की नुसतं वजन पडण्यापेक्षा जास्त नुकसान, माती लिंपली जाते. खाचांचे शेतीचे टायर मिळतात, नाहीतर साखळ्या लावा, चाकाला वजनं लावा. पण ऐका, ही पकड वापशावर आलेल्या जमिनीत काम नीट व्हावं म्हणून. पकड चांगली आहे म्हणून चिखलात जायचं नाही.

तिथे उतरलात की पहिले दहा फूट चालवून थांबा, मागे वळून बघा. टायरच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत झाल्यात? चाकाचा माग चकाकतोय? टिलरच्या हुडखाली (पात्यांवरच्या झाकणाखाली) चिखलाचा लगदा चिकटलाय? तीनपैकी एकही दिसलं तर ट्रॅक्टर शेडमधे.

माझा थोडा मतभेद आहे. सगळंच थांबायचं असं नाही. वरचे दोन-तीन इंच वापशावर आलेत आणि खाली ओल आहे अशी वेळ येते, तेव्हा टिलर बराच वर घेऊन फक्त दोन इंच खरवडायचं, सावकाश गिअर, इंजिन पूर्ण रेसवर. पापुद्रा फुटतो, वारा लागतो, दोन-तीन कोरडे दिवस मिळाले की मग खोल पाळी. आणि ४२ इंची टिलर मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर येतो का ते टेपने मोजा. येत नसेल तर पुढच्या फेरीत एक चाक नांगरलेल्या भागावरूनच जाणार, मग मधे पट्टा सोडून सोडून चालवा आणि राहिलेल्या पट्ट्या शेवटी घ्या.

काळी_माती:
नटबोल्ट साहेब, दोन इंचाचं बरोबर आहे पण हे ज्याला जमीन कळते त्याला. नवीन माणूस दोन इंच म्हणून उतरतो आणि लिव्हर सोडतो चार इंचावर.

नटबोल्ट:
मान्य. हुडच्या बाजूच्या स्किड (जमिनीवर टेकणाऱ्या घसरपट्ट्या) खाली करून बोल्ट कसून टाका, मग लिव्हर कितीही सोडली तरी खोल जात नाही.

परसबाग_ओहायो:
सगळ्यांचे खूप आभार. आज ऑफिसातून आल्यावर चार ठिकाणी खुरपलं. घराजवळचा उंचवटा बरा निघाला, गोळा टोचल्यावर अर्धा फुटला, बाकी तिन्हीकडे दोन बोटांत लांबच लांब पट्टी. आणि ओली पट्टी निघालीच, नकाशात बघितलं तर सेप्टिकचीच जागा आहे, तिथे मी भोपळ्याचे वेल सोडणार होतो! तर आता गादीवाफ्यांसाठी माती मागवतोय, बायको खूश आहे. ट्रॅक्टरचा उपयोग सध्या ट्रॉली लावून ड्राइव्हवेवरून कंपोस्ट आणायला.

माळीणताई, शरदात जमीन उघडी ठेवायची की काही पेरायचं? इथले लोक ओट्स आणि मुळा पेरतात असं ऐकलं.

लेक_एरीची_माळीण:
पेरा की. ऑगस्टअखेर रिकाम्या झालेल्या जागेत ओट्स आणि तो लांब पांढरा मुळा. दोन्ही थंडीत मरतात, मुळा कुजून जमिनीत भोकं राहतात, पाणी तिथून उतरतं आणि एप्रिलमधे वर फक्त वाळलेला काडीकचरा असतो. तेवढ्या भागात मग शरदातली मशागत नको, टिलर उरलेल्या जागेत फिरवा. हिवाळी राय (गव्हासारखं धान्य) मात्र पहिल्या वर्षी नको, ती मरत नाही, वसंतात कमरेएवढी वाढते आणि मग ती गाडायला परत ओल्यात टिलर घालायची पाळी येते. आणि मुळा जास्त पेरू नका, जानेवारीत बर्फ वितळला की असा वास सुटतो की शेजारी गॅस गळतोय म्हणून फोन करतात.