मदत हवी आहे: कुत्रीला पिवळ्या उलट्या, खाणं बंद, पाणी मात्र खूप पितेय

आमची चिमी ९ वर्षांची, नसबंदी झालेली नाही. परवापासून खाण्याकडे ढुंकून बघत नाही. भांडं पुढे केलं की वास घेते आणि तोंड फिरवते. उलटीत अन्न नाही, नुसता पिवळा फेस. रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं नाही. काल डॉक्टरांनी उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि कातडीखाली सलाईन दिलं. उलट्या कमी झाल्या, भूक काही परतली नाही.

चॉकलेट, द्राक्षं, कांदा, कुणाची गोळी, असलं काही पोटात गेलेलं नाही. ताप १०२ फॅरेनहाइट, म्हणजे कुत्र्यांसाठी नॉर्मलच. हिरड्या ओल्या, गुलाबी आहेत. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर जाते.

मला खटकतंय ते पाणी. सारखी पिते आणि रात्री लघवीसाठी उठवते. असं तिने कधी केलं नव्हतं. मागच्या महिन्यात हीट (माजावर येणं) होऊन गेली. किडनीचं काही असेल का? उद्या कोणत्या तपासण्या करून घेऊ? तोवर जबरदस्तीने भरवू का? जीव थाऱ्यावर नाही, कुणी हे पाहिलं असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद:
उद्यावर टाकू नका, आजच न्या. नसबंदी न झालेली, हीट होऊन काही आठवडे झालेली, त्यात तहान आणि उलट्या: पहिली शंका पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू होण्याची. खालून स्राव नसेल तरी निर्धास्त राहू नका. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू आतच साठतो आणि तोच प्रकार जास्त घातक. ताप नसला तरी पायोमेट्रा असू शकतो. पोटाची सोनोग्राफी करायला सांगा, सोबत रक्ताच्या तपासण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी). किडनीचंही त्यात कळेल. पायोमेट्राच निघाला तर बहुतेक वेळा ऑपरेशन करून गर्भाशय काढतात, आणि ते जितकं लवकर तितकं बरं.
भरवू तर अजिबात नका. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, शिवाय भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. पाणी तोडू नका, थोडं थोडं द्या. माणसांची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन चुकूनही नको.

धागाकर्ती:
निघालोय. स्राव दिसत नाही, पण सकाळपासून ती सारखी तिथे चाटतेय. रात्री सोनोग्राफी करणारा दवाखाना फोनवर मिळाला. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.