मावशींचे ३,६१२ रुपये आणि हॉलचं भाडं

सोमवार, सकाळी ७:४२

मावशी ए-१०४: सगळ्यांना नमस्कार. सकाळी सकाळी त्रास देते, माफ करा. त्या रविवारी हॉलमध्ये बाँड फंडाची माहिती सांगितली ना, त्यानंतर मी ४ लाख भरले. दहा दिवस झाले. आज मोबाइलवर ३,९६,३८८ दाखवतंय. सुरक्षित असतं म्हणाला होतात. मग माझे ३,६१२ रुपये गेले कुठे?

दादा सी-५०५: मावशी, गेले नाहीत, मॉर्निंग वॉकला गेलेत. येतील. 😄

नाना ए-२०१: हा थट्टेचा विषय नाही. मी त्या रविवारी मागच्या खुर्चीवरून बोललो होतो, पण माइक कोणाच्या हातात होता ते सर्वांना ठाऊक आहे. ३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. मुद्दल कमी झालेली एफडीची पावती एकदाही पाहिली नाही. एकट्या बाईमाणसाला असल्या भानगडीत पाडायचं म्हणजे कमाल आहे.

ताई बी-४०३: नाना, मुद्दा पटला तरी 'बाईमाणूस' खटकलं. मावशींनी दहा वर्षं सोसायटीचे हिशेब तपासलेत.

नाना ए-२०१: शब्दाला धरून बसू नकोस. भावना समजून घे.

अप्पा बी-१०१: त्या कार्यक्रमाचं हॉलचं भाडं भरलं होतं का?

भाऊ बी-६०२: मावशी, नमस्कार. काळजीचं कारण नाही. मी दुपारी फोन करतो. प्रत्येकाची गुंतवणूक ही खाजगी बाब असते, ग्रुपवर नको असं माझं नम्र मत.

मावशी ए-१०४: फोन शुक्रवारपासून लावतेय भाऊ, म्हणून तर इथे लिहिलं.

भाऊ बी-६०२: बाहेरगावी होतो. आणि एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करतो, मावशींनी फंड माझ्याकडून घेतलेला नाही. मी फक्त माहिती दिली होती.

मावशी ए-१०४: ते खरं आहे. भाचा आला होता, त्याने माझ्या मोबाइलवर यादी लावली. एका वर्षाचा आकडा ज्याचा सगळ्यात मोठा, तो घेतला. नावापुढे गिल्ट लिहिलंय. सगळे सरकारी रोखे आहेत म्हणाला, मी निश्चिंत झाले.

ताई बी-४०३: 🤦 भाचा इंजिनिअर का?

मावशी ए-१०४: हो. तुला कसं कळलं?

सेक्रेटरी: सर्वांना सुप्रभात. पाण्याचा टँकर ९ वाजता येईल. गेटजवळच्या गाड्या हलवाव्यात.

ताई बी-४०३: मावशी, ऐका. रोखा म्हणजे बाँड, कर्जाचा कागद. सरकारी रोखा म्हणजे पैसे बुडण्याची भीती जवळपास नाही, हे बरोबर. पण बुडणं वेगळं आणि भाव हलणं वेगळं. समजा तुमच्याकडे १०० रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा आहे. उद्या सरकारने ८ टक्क्यांचा काढला. आता तुमचा ७ वाला कोणी १०० ला घेईल का? नाही घेणार, ९३-९४ ला मागेल. फंडाकडे असे पुष्कळ रोखे असतात आणि रोज संध्याकाळी त्या सगळ्यांची बाजारभावाने किंमत करून एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, काढतात. व्याजदर वर, भाव खाली. व्याजदर खाली, भाव वर.

दादा सी-५०५: म्हणजे सी-सॉ. आपल्या बागेतला दुरुस्त झाला की मावशींना प्रात्यक्षिक दाखवता येईल.

सेक्रेटरी: सी-सॉचं कोटेशन मागवलं आहे. हे मी तीनदा सांगितलं आहे. टोमणे मारण्यापेक्षा कमिटीत या.

दादा सी-५०५: साहेब, गंमत केली हो.

ताई बी-४०३: मावशी, फंडाची फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रक, उघडा. तिथे ड्युरेशन किंवा मॉडिफाइड ड्युरेशन असा एक आकडा असेल, तो सांगा.

मावशी ए-१०४: थांब, चष्मा आणते.

मावशी ए-१०४: ९.०२ वर्षे.

ताई बी-४०३: झालं. तो आकडा म्हणजे सी-सॉच्या फळीची लांबी. बाजारातले व्याजदर १ टक्का वर गेले तर हा फंड साधारण ९ टक्के पडतो. ०.१० टक्का गेले तर ०.९ टक्के. तुमच्या ४ लाखांवर ते होतात ३,६००. चोर कोणी नाही. शिवाय वीसेक रुपये भरल्या दिवशीच मुद्रांक शुल्कात गेले, २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्का लागतो.

मावशी ए-१०४: अगं, हे त्या रविवारी कोणी सांगितलंच नाही. पडद्यावर नुसती हिरवी रेघ वर जात होती.

भाऊ बी-६०२: स्लाइड क्रमांक १४ वर होतं. तोपर्यंत लोक उठून चहाकडे गेले होते.

अप्पा बी-१०१: चहासाठी वीजही सोसायटीचीच. हॉलचं भाडं भरलं का? दुसऱ्यांदा विचारतो.

नाना ए-२०१: ताई, तू हुशार आहेस, पण उपदेश मलाही करता येतो. युनिट ट्रस्ट विसरलात सगळे? १९६४ ला सुरू झालेली तिची यूएस-६४ योजना. घराघरांत होती. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाचे पैसे, लोक डोळे झाकून ठेवायचे. आणि जुलै २००१ ला एके दिवशी खरेदी-विक्रीच बंद! काउंटरवर म्हातारी माणसं यायची आणि मला विचारायची, साहेब, आता काय? तीसुद्धा सुरक्षितच म्हणायचे सगळे. तेव्हापासून 'युनिट' या शब्दालाच मी हात लावत नाही.

दादा सी-५०५: नाना, फोर. 🏏

ताई बी-४०३: नाना, तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय, मी तेव्हा शाळेत होते. पण एक सांगा, यूएस-६४ चा भाव रोज एनएव्हीने ठरायचा का?

नाना ए-२०१: नाही. भाव संस्थाच जाहीर करायची. जुलैत कमी, मग महिन्या-महिन्याने थोडा वर.

ताई बी-४०३: आणि आतल्या शेअर्सची खरी किंमत?

नाना ए-२०१: ती लोकांना दिसत नव्हती.

ताई बी-४०३: मग रोग तोच होता ना? बाहेर लिहिलेला भाव सरळ रेषेत वर, आत माल पडलेला. मावशींना आज ३,६१२ कमी दिसतात, कारण भाव रोज उघड्यावर येतो. तेव्हा दिसला असता तर तुमच्या काउंटरवरची माणसं आधीच सावध झाली असती.

(नाना ए-२०१ यांनी मेसेज डिलीट केला.)

दादा सी-५०५: नाना, काय लिहिलं होतं? मी वाचायच्या आत उडवलंत.

नाना ए-२०१: शुद्धलेखन चुकलं होतं. मी म्हणत होतो, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण एफडीचं मुद्दल हलत नाही, हेही तितकंच खरं.

ताई बी-४०३: १०० टक्के खरं. शिवाय बँक बुडाली तरी ५ लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून तेवढा आहे. बाँड फंडाला असा कुठलाच विमा नाही. एप्रिल २०२० मध्ये एका फंड घराण्याने सहा डेट, म्हणजे रोख्यांच्या, योजना एकदम बंद केल्या होत्या, लोकांना पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले. त्यांत कमी दर्जाचे रोखे जास्त होते. सरकारी रोखा हलतो, कमी दर्जाचा रोखा बुडू शकतो. दोन्हींना 'बाँड'च म्हणतात हीच पंचाईत.

काकू सी-२०२: ह्यांचं म्हणणं आहे की सोसायटीचा सिंकिंग फंडसुद्धा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचा राखीव निधी, अशा फंडात टाकावा, जिल्हा बँकेत पडून काय मिळतंय?

सेक्रेटरी: काकू, हा विषय मागच्या एजीएमला पाऊण तास झाला. सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये सोसायटीचे पैसे कुठे ठेवायचे ते ठरलेलं आहे. कमिटीच्या मर्जीचा प्रश्न नाही.

काकू सी-२०२: ह्यांचं म्हणणं आहे की मग कायदा बदला.

दादा सी-५०५: आधी सी-सॉ.

सेक्रेटरी: दादा, शेवटचं सांगतो.

भाऊ बी-६०२: विषय निघालाच आहे तर बोलतो. सल्ला घेतला असता तर मावशींना मी गिल्ट दिलाच नसता. भाच्याने फुकटात निवडलं, आता निस्तरायला मात्र सगळे. फुकट सल्ल्याची किंमत अशी मोजावी लागते.

ताई बी-४०३: भाऊ, तुमचा सल्लाही फुकट नसतो ना. एजंटमार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनमधून तुम्हाला दरवर्षी कमिशन जातं, ते खर्चाच्या टक्केवारीत धरलेलं असतं. एजंटशिवाय घ्यायचा डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहे. शेअरच्या फंडात अर्ध्या-पाऊण टक्क्याचा फरक एक वेळ लपून जातो. जिथे एकूण मिळकतच ७ टक्क्यांच्या आसपास, तिथे तो जाणवतो.

भाऊ बी-६०२: कमिशन मी लपवलेलं नाही. माझ्याकडच्या लोकांचे केवायसी, नॉमिनी, बँक बदल, मृत्यूनंतरचे क्लेम, सगळं मी पायपीट करून करतो. गेल्या पावसाळ्यात सी विंगमधल्या एका कुटुंबाचं काम चार महिने केलं. विचारा त्यांना.

वहिनी सी-३०१: आमचंच. भाऊंनी खरंच खूप केलं. ह्यांच्या फोलिओला, म्हणजे फंडाच्या खात्याला, नॉमिनी नव्हता, सगळी कागदपत्रं पुन्हा गोळा करावी लागली. सगळ्यांना हात जोडून सांगते, फंड कुठलाही घ्या, नॉमिनी आधी टाका.

ताई बी-४०३: वहिनी 🙏 भाऊ, हे मला माहीत नव्हतं. घाईत बोलले.

भाऊ बी-६०२: असू दे.

अप्पा बी-१०१: सर्व भावना आपल्या जागी. हॉलचं भाडं भरलं का? सभासदाने धंद्यासाठी हॉल वापरला तर भाडं लागेल असा ठराव आहे. कोणीही उत्तर देत नाही याची नोंद घ्यावी.

मावशी ए-१०४: मला कोणी सांगेल का, आता करू काय? काढून घेऊ?

नाना ए-२०१: काढा आणि एफडी करा.

भाऊ बी-६०२: अजिबात काढू नका. तोटा कागदावरच आहे. दर उतरले की दुप्पट वसूल होईल.

ताई बी-४०३: दोघांनी उत्तर दिलं, पण पैसे कधी लागणार आहेत हे कोणी विचारलंच नाही. मावशी, कधी लागणार?

मावशी ए-१०४: २ लाख जूनमध्ये. नातीची ॲडमिशन. उरलेले दोन-तीन वर्षं तरी लागणार नाहीत, लागले तर दवाखान्याला.

ताई बी-४०३: मग हा फंड दोन्हीसाठी चुकीचा. वाईट नाही, तुमच्यासाठी चुकीचा. ९ ची फळी त्याने धरावी ज्याला सात-आठ वर्षं पैशांकडे बघायचं नाही. एका वर्षाचा मोठा आकडा कसा आला? मागच्या वर्षी दर उतरले म्हणून. दर अजून तितकेच उतरतील असं त्यात कुठे लिहिलंय? यादी लावताना आकड्याऐवजी ड्युरेशन बघायचं. जूनचे २ लाख लिक्विड फंडात, तिथे ९१ दिवसांच्या आत फिटणारे कागद असतात, भाव हलून हलून किती हलणार. नाहीतर सरळ नानांच्या एफडीत. मुदत जूनच्या आतली घ्या म्हणजे मोडावी लागणार नाही.

नाना ए-२०१: 👍 हे बरोबर.

ताई बी-४०३: उरलेल्या दोनसाठी शॉर्ट ड्युरेशन. त्यात ड्युरेशन १ ते ३ वर्षांत ठेवायचं असा सेबीचा नियमच आहे. नाव बघून खूश होऊ नका, फॅक्टशीटमध्ये एएए, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे, आणि सरकारी मिळून किती टक्के ते बघा. रोखा बुडाला तर काय, ही भीती तिथे उरते, पण दर्जा चांगला असेल तर बरीच कमी. भाऊ, चुकतंय का काही?

भाऊ बी-६०२: नाही. कॉर्पोरेट बाँड फंडही चालेल. त्यात किमान ८० टक्के एए प्लस, म्हणजे एएएच्या एक पायरी खालचे, किंवा त्यावरचे रोखे लागतात. फक्त ड्युरेशन तपासा, तिथे त्याचं बंधन नाही. आणि मावशी, जुना नियम डोक्यात असेल तर काढून टाका. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाला तीन वर्षांनी मिळणारी इंडेक्सेशनची, म्हणजे महागाई धरून नफा कमी मोजण्याची, सवलत नाही. नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर. एफडीपेक्षा फायदा एवढाच, कर विकाल तेव्हा लागतो, दरवर्षी नाही.

नाना ए-२०१: हे त्या रविवारी सांगितलं होतंत?

भाऊ बी-६०२: स्लाइड १७.

मावशी ए-१०४: म्हणजे ३,६१२ चा तोटा खाऊन बाहेर पडायचं?

ताई बी-४०३: जूनवाल्या निम्म्यांसाठी हो. म्हणजे साधारण १,८०० ची शिकवणी. बाकीच्यांचं आज लगेच ठरवू नका. एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्यास कापलं जाणारं शुल्क, आहे का ते बघा. दुपारी ३ च्या आत विनंती टाकली तर त्याच दिवसाचा भाव मिळतो, पैसे दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात. मी साडेसहाला ऑफिसमधून येते, मग तुमच्याकडे बसू. भाच्याला व्हिडिओ कॉलवर घ्या.

मावशी ए-१०४: ये. आणि भाऊ, तुम्हीही या. फोन उचलला नाहीत त्याचा राग आहे, पण या. नॉमिनीचं मला कळत नाहीये. भाच्याने तिथे स्वतःचंच नाव टाकलंय.

दादा सी-५०५: 😶

नाना ए-२०१: मी पण येतो. मोबाइलवर ड्युरेशनचा आकडा कुठे दिसतो ते बघायचंय. फक्त बघायचंय.

खजिनदार: उशिरा बघितलं, ऑफिसमध्ये होतो. अप्पा, भाऊंनी हॉलचं भाडं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच भरलं आहे. पावती चुकून बी-६०१ च्या नावावर फाडली गेली, म्हणून वहीत सापडत नव्हती. चूक माझी.

भाऊ बी-६०२: 🙏

अप्पा बी-१०१: ठीक. मग कार्यक्रम संपल्यावर हॉलमधले चारही पंखे रात्री ११ पर्यंत का चालू होते?