घोडकाठच्या रानात निघालेलं खापर किती जुनं असेल?

पाटाचं_पाणी
माहेर न्हावऱ्याकडं, घोड नदीच्या अंगाला. परवा भावानं उसाचा खोडवा मोडून नांगरट केली, तर तांबड्या खापराचे तुकडे वर आले. एकावर काळ्या तिरप्या रेघा आहेत. नखानं टिचकी मारली की खणखणतो. आई म्हणते, जुना कुंभारवाडा असेल. वहिनी म्हणते, फेकून द्या, घरात नको. शाळेत हडप्पा-मोहेंजोदडो शिकलो, पण तेव्हा आपल्याकडं कोणी राहत होतं का?

पांढरीवरचा
ताई, फेकू नका. तांबड्यावर काळी नक्षी आणि भाजणी अशी खणखणीत, म्हणजे बहुतेक जोर्वे भांडं. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे, तिथं १९५०-५१ ला खोदलं, म्हणून हे नाव.

तुमच्या शेजारीच इनामगाव, तिथंही अशीच भांडी निघाली. तिथं डेक्कन कॉलेजचं उत्खनन १९६८ पासून पंधराएक वर्षं चाललं. कॉलेजात असताना दोन हंगाम मी तिथं रोजावर होतो. आम्ही त्या टेकाडाला पांढरीच म्हणायचो. राखेनं माती पांढुरकी झालेली, धाब्यावर टाकायला लोक गाड्या भरून न्यायचे. किती इतिहास असा छपरावर गेला, देव जाणे.

वस्ती इसवी सनापूर्वी १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षं. भाकरी ज्वारीची असेल असं मला वाटायचं, पण मुख्य पीक सातू. पाणी वळवायला बांध घालून पाट काढलेला. आपण आज कालव्यासाठी भांडतो, त्यांचंही काहीतरी असणारच.

एकदा घराची जमीन खरवडताना दोन कुंभ निघाले, आडवे, तोंडाला तोंड लावलेले. आत तान्ह्या पोराची हाडं, काडीएवढी. लहान पोरं अशी घरातच पुरायचे. मोठ्या माणसांना खड्ड्यात, आणि घोट्याखालचे पाय तोडून. का, यावर सर लोक तासन् तास बोलायचे, पण नक्की कोणी सांगितलं नाही. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांचा मातीचा रांजण मिळाला. त्यात पाय दुमडून बसवलेला पुरुष, पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा म्हणतात. त्या संध्याकाळी आईनं मला अंगणातच आंघोळ घातली, मग उंबरा ओलांडू दिला.

शेवटी पाऊस आटला. चौकोनी मोठी घरं गेली, गोल खोपट्या आल्या, शेती कमी आणि शेळ्यामेंढ्या, शिकार जास्त.

गोदाकाठ_नेवासा
मूळ प्रश्न हडप्पाचा होता. तेवढं जुनं हवं तर प्रवरेकाठचं दायमाबाद बघा, श्रीरामपूर तालुका. तिथं उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पाच्या शेवटच्या टप्प्याचा थर आहे. १९७४ ला एका गावकऱ्याला खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून ६० किलोच्या वर. त्या खरंच तेवढ्या जुन्या का, यावर वाद आहे, कारण धातूत आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त निघालं, आणि आपल्याकडच्या त्या काळच्या इतर वस्तूंत तसं दिसत नाही.

पांढरीवरचा
बरोबर, ते राहिलंच. ताई, खणू मात्र नका. तुकडा नेमका कुठं निघाला ते लिहून ठेवा आणि पुण्याला गेलात की डेक्कन कॉलेजात दाखवा. जागा कळली नाही तर खापर मुकं.

पाटाचं_पाणी
धन्यवाद काका. भावाला फोन केला, त्यानं त्या सरीला बांबू रोवलाय. तुकडा सध्या तुळशीच्या कट्ट्यावर आहे. वहिनीला कुंभातल्या पोराचं सांगितलेलं नाही.