मदत हवी आहे: रेशनकार्डावर घरचं नाव, आधारवर वेगळं नाव, मामांची बायपास अडली आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांची बायपास डॉक्टरांनी ठरवली आहे आणि ती कागदांपायी अडली आहे. सरकारच्या जन आरोग्य योजनेतून (त्यात मोफत उपचार मिळतात) किंवा धर्मादाय रुग्णालयांतल्या गरिबांसाठीच्या राखीव कोट्यातून कुणी आपल्या माणसाचं ऑपरेशन करून घेतलं असेल, तर कृपया वाचून उत्तर द्या.

मामा ६८ वर्षांचे, काळाचौकीला चाळीत राहतात. उमेद होती तोवर छापखान्यात काम केलं, तो बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन होते. पेन्शन नाही, मेडिक्लेम नाही. मामेभाऊ कुरिअरच्या कामावर, जितकी पार्सलं तितके पैसे. जिना चढताना मामांच्या छातीत दाटून यायला लागलं, अँजिओग्राफी झाली, तिन्ही नसांत ब्लॉकेज निघालं. स्टेंटने भागणार नाही आणि फार लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले. तपासणी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात झाली. तिथल्या डॉक्टर-नर्सबद्दल माझी काही तक्रार नाही, गर्दीतही माणसासारखं बोलले.

अडचण योजनेच्या काउंटरवर आली. मामांचं रेशनकार्ड कणकवलीचं, केशरी, एकत्र कुटुंबाचं. त्यावर त्यांचं नाव ‘बाबू’ लागलं आहे, कारण गावात त्यांना सगळे बाबूच म्हणतात. आधारवर शाळेतलं नाव आहे. काउंटरवर सांगितलं, नाव जुळत नाही, गावच्या कार्डातून नाव कमी करा आणि मुंबईत नवीन कार्ड काढा. रेशनिंग ऑफिस म्हणतं, आधी नाव कमी केल्याचा दाखला आणा. तहसीलला चुलतभाऊ जाऊन आला, तर म्हणे ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः यावं. तीन नसा बंद असलेल्या माणसाला रात्रभर गाडीत बसवून कणकवलीला कसं न्यायचं?

दरम्यान एका धर्मादाय रुग्णालयातही विचारलं. उत्पन्नाचा दाखला मागितला, तो काढला, त्यावर २ लाख १० हजार आलं. मग ‘कोट्यातले बेड भरलेत, नंतर फोन करा’ एवढंच उत्तर. नंतर म्हणजे कधी, ते कुणी सांगत नाही. कुठेही नकार कागदावर मिळत नाही, त्यामुळे वर दाद मागायची तर हातात काहीच नाही.

७० पूर्ण असते तर ज्येष्ठांच्या मोफत उपचारांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेलं वयवंदना कार्ड आधारवर निघालं असतं, तिथे उत्पन्नाची अट नाही. पण मामा दोन वर्षांनी कमी पडतात.

मला विचारायचंय ते असं. नाव कमी करून नवीन कार्ड काढणं हा खरंच एकमेव मार्ग आहे का? दुरुस्ती होईपर्यंत ऑपरेशनची तारीख तरी धरून ठेवता येते का? आणि २ लाख १० हजार उत्पन्नावर धर्मादाय रुग्णालयात काय मिळायला हवं?

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, ही गरिबाला जीवदान देणारी गोष्ट आहे. पण माणूस खरा आहे, आजार खरा आहे, राज्याचा रहिवासी आहे, हे समोर दिसत असताना एका घरच्या नावासाठी त्याला ताटकळत ठेवणं मला मान्य नाही. कागद मागाहून दुरुस्त होतात, हृदयाचं तसं नाही.

– गिरणगावची भाची

प्रतिसाद – तळकोकण

ताई, आधी एक गोष्ट: नाव कमी करू नका! कमी केलं आणि मुंबईचं कार्ड व्हायला वेळ लागला, तर मधल्या काळात मामा कुठल्याच कार्डावर नसतील. योजना राज्याची आहे, सिंधुदुर्गचं कार्ड मुंबईच्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात चालतं. तुम्हाला नवीन कार्ड नको, फक्त नावाची दुरुस्ती हवी. तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव कमी करण्याचा नव्हे, दुरुस्तीचा अर्ज द्या. सोबत आधार, शाळेचा दाखला, मामांच्या सहीचं अधिकारपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. चिठ्ठीत ‘प्रवास करू नये’ असं स्पष्ट लिहून घ्या. ते पाहिल्यावर चुलतभावाचा अर्ज घेतील अशी आशा आहे. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्याकडे अर्ध्या गावाच्या कार्डांवर बाबू, भाऊ, आबा अशीच नावं आहेत, त्यामुळे तिथल्या लोकांना हा प्रकार नवा नाही.

प्रतिसाद – समाजसेवा विभाग (निवृत्त)

मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काउंटरवरचा आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) म्हणाला म्हणजे विषय संपला, असं नसतं. त्याच्या वर रुग्णालयाचा वैद्यकीय समन्वयक असतो, योजनेचा जिल्हा समन्वयक असतो. योजनेच्या हेल्पलाइनला १५५३८८ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. तुम्हाला लेखी नकार मिळत नाही ना, मग लेखी तक्रार तुम्ही तयार करायची. हृदयशस्त्रक्रियेच्या युनिटमध्ये जाऊन सांगा की दुरुस्ती चालू आहे, पोचपावती दाखवा, वेटिंग लिस्टमध्ये नाव घालायची विनंती करा. यादीत नाव घालणं आणि योजनेची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरी येईपर्यंत यादीबाहेर थांबलात तर विनाकारण मागे पडाल.

आता धर्मादायचं. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के बेड निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखावे लागतात. १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, उपचार मोफत. ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल, उपचार सवलतीत. तुमचे मामा दुर्बल घटकात येतात, म्हणजे तिथे काही पैसे भरावेच लागतील. म्हणून माझा कौल जन आरोग्य योजनेलाच, धर्मादाय हा दुसरा दरवाजा म्हणून उघडा ठेवा. राखीव बेडांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते, ती बघून मगच जा. तिथे जागा दिसत असूनही ‘भरलेत’ म्हणाले, तर पानाचा फोटो काढून वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. आणि तातडीची वेळ आली, छातीत जोरात दुखलं, घाम फुटला, तर कोटा-दाखला काही बघू नका. अशा रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने अनामत न मागता दाखल करून घ्यायचं असतं. ‘कागद नंतर’ हे वाक्य त्या वेळी ठामपणे बोला.

प्रतिसाद – फोर्टमधला वकील

वरच्या ताईंनी सगळं नीट सांगितलं आहे. एक भर. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालमधलं एक प्रकरण आलं होतं. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. वेळेत उपचार न देणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने सांगितलं आणि नुकसानभरपाई द्यायला लावली. अर्जात हे दोन ओळींत लिहा. आणखी एक, राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित (त्या कायद्याखाली जाहीर केलेली) सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. त्यासाठी अर्जाची तारीख हवी, म्हणजे पुन्हा पोचपावतीच!

प्रतिसाद – परळकर

रुग्णालयाच्या गेटवर ‘काम करून देतो’ म्हणणारे भेटतील. एक पैसा देऊ नका. योजनेत नोंदणीला फी नाही. काकांना लवकर बरं वाटो.

गिरणगावची भाची

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव कमी करण्याचा अर्ज थांबवला आहे. डॉक्टरांनी प्रवास न करण्याची चिठ्ठी लगेच लिहून दिली. चुलतभाऊ ती आणि अधिकारपत्र घेऊन तहसीलला गेला, दुरुस्तीचा अर्ज घेतला गेला, पोचही मिळाली. हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे युनिटमध्ये मामांचं नाव यादीत घेतलं. हे दोन वेगळे विषय आहेत हे आम्हाला काउंटरवर कुणीच सांगितलं नव्हतं.

निवृत्त ताईंना अजून एक विचारायचं होतं. रक्ताची सोय आम्हाला आधी करून ठेवावी लागेल का? मामेभावाचे मित्र रक्तदानाला तयार आहेत, त्यांना कधी पाठवू?

समाजसेवा विभाग (निवृत्त)

आत्ताच पाठवू नका, रक्त फार दिवस साठवून ठेवता येत नाही. ऑपरेशनची तारीख हातात आली की त्याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत विचारा, किती जण आणि कधी हवेत ते तेच सांगतील. मित्रांचे फोन नंबर आणि रक्तगट तेवढे आज लिहून ठेवा.